तळटिपेतून मूळ पत्रापर्यंत

मराठ्यांच्या इतिहासावरच्या अभ्यासपूर्ण पुस्तकात पानाच्या तळाशी ‘राखं.’, ‘पेद.’, ‘शिचसा.’ अशी अक्षरं आणि त्यांच्यापुढे दोन आकडे दिसतात. राखं. म्हणजे राजवाडे खंड, पेद. म्हणजे पेशवे दप्तर, शिचसा. म्हणजे शिवचरित्रसाहित्य. पहिला आकडा खंडाचा, दुसरा लेखांकाचा, म्हणजे त्या खंडातल्या पत्राच्या अनुक्रमांकाचा. बहुतेक वाचक ही ओळ सोडून देतात. माझा आग्रह असा आहे की कोणत्याही पुस्तकातल्या निदान चार-पाच तळटिपांचा माग मूळ पत्रापर्यंत काढावाच. त्यासाठी मोडी किंवा फारसी यायलाच हवी असं नाही. छापील साधनग्रंथ, पंचांगाची जुजबी ओळख आणि कागद-पेन्सिल एवढ्यावर लेखकाचं बरंचसं काम तपासता येतं.

आधी या संग्रहांचा स्वभाव समजून घ्यायला हवा. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधनें’चा पहिला खंड १८९८ साली आला आणि पुढे एकूण २२ खंड झाले. त्यांनी घरोघरची दप्तरं धुंडाळून कागद मिळवले, त्यामुळे तिथे काय सापडेल हे त्या त्या घराण्यावर अवलंबून आहे. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी पुण्याच्या दप्तरातून निवडलेले पेशवे दप्तराचे ४५ खंड १९३०च्या दशकात निघाले. ते विषयवार आहेत, आणि निवड म्हटली की काहीतरी बाहेर राहिलंच. पानिपताची पत्रं दुसऱ्या खंडात आहेत म्हणून तिथेच थांबणारे पुष्कळ असतात, पण उत्तरेतल्या हालचालींची महत्त्वाची पत्रं एकविसाव्या आणि सत्ताविसाव्या खंडांतही आहेत. पानिपतावरच्या नव्या पुस्तकात फक्त दुसऱ्याच खंडाचे हवाले दिसले, तर लेखकाने वाचन अर्ध्यावर सोडलं असं समजायला हरकत नाही.

हवाला शोधताना पृष्ठाऐवजी लेखांक धरायचा. लेखांक दर खंडात नव्याने सुरू होतात, म्हणून खंडाचा आकडा चुकला की तळटीप भलत्याच पत्राकडे नेते. पृष्ठांक तर आवृत्तीगणिक बदलतात.

आता पत्र उघडल्यावर. वरती ठळक टाइपात लेखांक, त्याशेजारी एखादी तारीख आणि कधी दोन ओळींचा गोषवारा असतो. हा सगळा भाग संपादकाचा. मूळ पत्र ‘श्री’पासून सुरू होतं. मग मायना, म्हणजे ज्याला लिहिलं त्याचं मानाचं संबोधन, ‘विनंति उपरी’ किंवा ‘उपरी’, मग मजकूर आणि अखेरीला ‘हे विनंति’, ‘लेखनसीमा’ किंवा ‘मोर्तब सूद’. कागदावर ‘पै॥’ असं काही असेल तर ती पैवस्ती, म्हणजे पत्र पोचल्याची नोंद. लिहिल्याची तारीख आणि पोचल्याची तारीख यांत कधी महिनाभराचंही अंतर पडतं. अमक्याला ही बातमी अमक्या दिवशी ठाऊक होती, असं विधान पुस्तकात आलं की पहिल्यांदा पैवस्ती बघायची. लिहिण्याची तारीख घेऊन असलं विधान केलेलं असेल तर त्यावर उभा राहिलेला पुढचा सगळा तर्क डळमळतो.

मायनाही वाचायचा, तो नुसता शिष्टाचार नाही. ‘स्वामीचे सेवेशी’ असं लिहिणारा खालच्या दर्जाचा. ‘अखंडित लक्ष्मी आलंकृत राजमान्य राजश्री’ हा बरोबरीचा किंवा त्याहून सैल संबंध. त्याच माणसाला लिहिलेल्या दोन पत्रांत मायना बदलला असेल तर मधल्या काळात हुद्दा किंवा नातं बदललेलं असू शकतं, आणि बिनतारखेच्या पत्राचं साल ठरवायला हा धागा फार उपयोगी पडतो.

साल ठरवणं हाच खरा कळीचा भाग. बऱ्याच पत्रांत फक्त महिना आणि चंद्र, म्हणजे मुसलमानी महिन्याचा दिवस, असतो, साल नसतं. शीर्षकात दिसणारं साल संपादकाने मजकुरावरून ताडलेलं असतं. पुढचा लेखक ते पत्रातलंच साल म्हणून उचलतो, त्याच्या पुढचा त्याचा हवाला देतो आणि अंदाजाची वस्तुस्थिती होते. त्यामुळे तारीख पत्राच्या पोटात आहे की माथ्यावर, हे दरवेळी पाहायचं.

पोटात साल असेल तर ते बहुधा सुहूर सनाचं, म्हणजे मराठी दप्तरांत चालणाऱ्या एका कालगणनेचं असतं, अरबी आकड्यांच्या शब्दांत. एकं असे: अहद किंवा इहिदे, इसने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा. दहा म्हणजे अशर. दहंचे शब्द अशरीन, सलासीन, अर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन. शंभर मया, दोनशे मयातैन, हजार अलफ. घोटाळा होतो तो सीत आणि सितैन, सबा आणि सबैन, समान आणि समानीन, तिसा आणि तिसैन या जोड्यांत. शेवटी ‘ऐन’ किंवा ‘ईन’ आला की दहं, हे ध्यानात ठेवलं की पुरतं. शब्द एकंपासून चढत जातात: ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे १ + ६० + १०० + १०००, अर्थात ११६१.

सुहूर सन मृग नक्षत्राला बदलतो, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. ११६१ घेतलं तर १७६०चा पावसाळा ते १७६१चा उन्हाळा. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ची, म्हणजे याच सनातली. तीच तारीख शकाने पाहू. पौष शुद्ध ८, शके १६८२. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत शकात ७८ मिळवतात, जानेवारी लागल्यापासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. १६८२ अधिक ७९ म्हणजे १७६१, जमलं. दोन्ही सनांचे सांधे वेगळे असल्यामुळे चैत्र ते मृग या काळात शक पुढचा लागतो आणि सुहूर मागचाच राहतो. एप्रिल १७६१मधल्या पत्रात शके १६८३ आणि सुहूर ११६१ असेल तर कारकुनाची चूक झालेली नाही, तसंच यायला हवं.

फसली सन, म्हणजे महसुली साल, हा याहून मोठा सापळा. दख्खनी फसलीही मृगालाच बदलतो, पण त्यात ५९० मिळवायचे असतात. १७६०-६१ हे साल सुहूरने ११६१ आणि फसलीने ११७०. पत्रात नुसतं ‘सन ११७०’ असेल आणि लेखकाने ते सुहूर समजून सोडवलं तर उत्तर १७६९-७० येतं, सरळ नऊ वर्षं पुढे. महसुली कागदांवर उभ्या असलेल्या गावांच्या इतिहासांत ही चूक विशेष आढळते. कागदात आकडा असेल तर फसलीची शंका घ्यायची, अरबी शब्द असतील तर बहुधा सुहूर. शेवटचा निर्णय मात्र मजकुरातल्या माणसांवरून करायचा.

महिना आणि चंद्र मुसलमानी असतात: ‘छ’ आणि पुढे आकडा, मग रजब, साबान, जमादिलाखर वगैरे. मुसलमानी महिना चंद्रदर्शनाने, म्हणजे साधारण शुद्ध द्वितीयेला सुरू होतो. त्यामुळे ‘छ’च्या आकड्यात एक किंवा दोन मिळवले की तिथी मिळते, बेरीज पंधराच्या पुढे गेली की वद्य पक्ष. पौष शुद्ध अष्टमीला ‘छ’ ६ किंवा ७ पडायला हवा. पुस्तकात तिथी आणि चंद्र दोन्ही दिले असतील आणि त्यांत पाच-सहा दिवसांचा फरक असेल, तर दोहोंतलं एक चुकलंय. हे महिने सौर वर्षाच्या मानाने दरसाल सुमारे ११ दिवस मागे सरकतात, म्हणून महिन्याचं नाव आणि मजकुरातला ऋतू जुळतो का हेही तपासता येतं. पत्रात पेरणीचा विषय असेल आणि संपादकाच्या सालानुसार तो महिना माघात पडत असेल, तर साल फेरतपासायला हवं.

आणखी एक कसोटी संवत्सराच्या नावाची. शकात १२ मिळवून ६०ने भागायचं, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक, प्रभव पहिला धरून. बाकी शून्य आली तर साठावा, क्षय. शके १६८२ अधिक १२ म्हणजे १६९४, बाकी १४, चौदावा विक्रम. शके १५९६ची बाकी ४८, आनंद. शिवराज्याभिषेकाच्या नोंदींत आनंद संवत्सर आहेच. दक्षिणेत ही रीत बिनचूक चालते, उत्तरेत संवत्सरांची मोजणी वेगळी असल्याने तिथल्या कागदांना ती लावू नये.

या कसोटीची खरी ताकद शिलालेखात दिसते. अलिबागजवळच्या अक्षीचा लेख घ्या. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते ती शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ या वाचनामुळे. पण दगड झिजलेला आहे आणि त्याचं वाचन शके ११३२, म्हणजे इ. स. १२१० असंही झालेलं आहे. दोनशे वर्षांचा फरक. लेखात राजाचं नाव केसीदेवराय आहे, त्यावरून सुटेल असं वाटतं. सुटत नाही. उत्तर कोकणच्या शिलाहारांत केशिदेव दोन झाले. पहिला अकराव्या शतकाच्या सुरुवातीचा, जो अरिकेसरी म्हणूनही ओळखला जातो, आणि दुसरा तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. दोन्ही सालांना राजा हजर! मग संवत्सर. प्रचलित पाठात ‘प्रधावी सवसरे’ असे शब्द आहेत, प्रधावी म्हणजे परिधावी, सेहेचाळिसावा. ९३४ अधिक १२ म्हणजे ९४६, बाकी ४६. बरोबर परिधावी. ११३२ची बाकी ४, म्हणजे प्रमोद. ‘प्रधावी’ ही अक्षरं नीट वाचली गेली असतील तर गणिताचा कौल ९३४च्या बाजूने जातो. वाद मग आकड्यांवरून सरकून त्या तीन अक्षरांवर येतो, आणि तिथे ठशाशिवाय, म्हणजे दगडावरच्या अक्षरांच्या कागदावर घेतलेल्या छापेशिवाय, बोलण्यात अर्थ नाही. म्हणून शिलालेखांच्या पुस्तकात ठसा किंवा स्वच्छ छायाचित्र छापलेलं नसेल, नुसता पाठ आणि भाषांतरच असेल, तर मी ते पुस्तक अपुरं समजतो, संपादक कितीही मोठा असला तरी.

युरोपीय कागदांचं वेगळंच. पोर्तुगीजांनी आज चालणारं ग्रेगरियन पंचांग सोळाव्या शतकातच स्वीकारलं, इंग्रजांनी सप्टेंबर १७५२मध्ये. तोवर इंग्रज वखारींच्या तारखा जुन्या ज्युलियन पंचांगाच्या, सतराव्या शतकात दहा दिवस मागे आणि १७०० सालच्या मार्चपासून अकरा. शिवाय इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला बदलायचं. सुरतेची पहिली लूट जानेवारी १६६४ची, पण वखारीच्या कागदात त्या दिवसांवर १६६३ हे साल असतं, किंवा १६६३/६४ असं जोडसाल. हे न ओळखता लूट वर्षभर मागे नेली की मधल्या सगळ्या घटनांचा क्रम विस्कटतो.

वसई खाली करण्याचा तह पोर्तुगीज तारखेने १६ मे १७३९चा. तोच दिवस जुन्या पद्धतीने ५ मे. दोन पुस्तकांत या दोन तारखा पाहून मतभेद आहे असं समजू नये, दिवस एकच आहे. शिवकालासाठी आपल्याकडे ज्युलियन तारखा देण्याचा प्रघात पडला आहे. फाल्गुन वद्य ३, शके १५५१, शुक्रवार ही जन्मतिथी १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या जेधे शकावलीमुळे, म्हणजे जेधे घराण्याकडच्या सालवार नोंदींमुळे पुढे आली. तोवर वैशाख शके १५४९, म्हणजे १६२७ हे साल सर्रास चालायचं. या तिथीची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख ज्युलियन आहे, ग्रेगरियनने तो दिवस १ मार्च येतो. मोबाइलवरच्या वार काढणाऱ्या साधनात १९ फेब्रुवारी १६३० टाकलं आणि शुक्रवार आला नाही, म्हणून शकावलीला दोष देणारे लोक आहेत. ही साधनं बहुतेक वेळा ग्रेगरियन पंचांगच मागे नेतात. तिथे १ मार्च टाका, शुक्रवार येईल.

राज्याभिषेकाच्या तारखेतही कुठे ज्येष्ठ शुद्ध द्वादशी शुक्रवार, कुठे त्रयोदशी शनिवार दिसतं. आपला वार सूर्योदयाला बदलतो, मध्यरात्रीला नाही. सिंहासनारोहण पहाटे झालं, सूर्योदयापूर्वी. आपल्या मोजणीने तेव्हा शुक्रवार संपलेला नव्हता, इंग्रजी मोजणीने ६ जूनचा शनिवार लागून काही तास झाले होते. रात्रीच्या प्रत्येक घटनेला हा हिशेब लावावा लागतो. छापे, किल्ल्यांवरचे एल्गार, पलायनं या गोष्टी रात्रीच घडतात, त्यामुळे असा एका दिवसाचा फरक वारंवार भेटतो.

मोडीबद्दल थोडं. मोडीत ओळभर रेघ आधी ओढलेली असते आणि अक्षरं तिला लटकवत जातात, शब्दांत अंतर नसतं, विरामचिन्हं नसतात, ह्रस्व-दीर्घाचा भेद नसतो. म्हणजे छापील पत्रातली शब्दांची फोड, स्वल्पविराम आणि वेलांट्या हे सगळं संपादकाचं. एखाद्या लेखकाने वाक्यातल्या स्वल्पविरामावर किंवा शब्द जोडून आहे की तोडून यावर निष्कर्ष टांगला असेल, तर त्याने मूळ कागद पाहिल्याचं सांगितलेलं हवं. गावांच्या नावांत हे फार जाणवतं. एकाच नावाची गावं दोन-तीन तालुक्यांत असतात, म्हणून ‘मौजे’नंतर आलेलं ‘तर्फ’ आणि ‘प्रांत’ गाळून गाव ओळखलं असेल तर ती ओळख कच्ची.

वजनमापांचंही तसंच. खंडी म्हणजे वीस मण हे बहुतेक ठिकाणी सारखं, पण मण आणि शेर ठिकाणागणिक बदलत. ‘इतक्या खंड्या, म्हणजे आजचे इतके किलो’ असं वाक्य कोणत्या पेठेचं माप धरलं हे न सांगता आलं, तर त्यातल्या किलोंवर काट मारावी आणि खंड्या ठेवाव्या.

बखरीचं वय विचारायचं. सभासदाची बखर राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिली गेली, शिवाजी महाराजांना पाहिलेली माणसं हयात असताना. चिटणिसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची. दोघांना एकाच तळटिपेत स्वल्पविराम देऊन बसवणारा लेखक साक्षीदारांत भेद करत नाही.

कला आणि वास्तूवरच्या पुस्तकांत माझी पहिली नजर ‘हेमाडपंती’ या शब्दावर जाते. हेमाद्री हा यादव महादेव आणि रामचंद्र यांचा मंत्री, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. अंबरनाथच्या मंदिरातला लेख शके ९८२चा, म्हणजे १०६०चा. हेमाद्रीच्या दोनशे वर्षं आधीच्या मंदिराला त्याचं नाव देणाऱ्या पुस्तकात शिखराचा प्रकार सांगितलेला आहे का पाहावं. अंबरनाथ आणि सिन्नरचं गोंदेश्वर भूमिज शिखराची, म्हणजे छोट्या शिखरांच्या एकावर एक ओळींनी घडलेल्या शिखराची आहेत, आणि हा शब्द दगड चुन्याविना बसवले आहेत एवढं सांगण्यापेक्षा बरंच अधिक सांगतो. तलविन्यासाच्या, म्हणजे मंदिराच्या जमिनीवरच्या आराखड्याच्या आकृतीवर मोजपट्टी आणि उत्तर दिशा हवी. या दोन गोष्टी नसतील तर ती आकृती दुसऱ्या मंदिराशी ताडून पाहता येत नाही.

अजिंठ्याच्या लेण्यांचे क्रमांक डोंगरकड्यावरच्या जागेनुसार आहेत, काळानुसार नाहीत. ९ आणि १० ही सर्वांत जुन्यांपैकी, तर १ आणि २ वाकाटककालीन, पाचव्या शतकातली. क्रमाने वर्णन करत ‘पुढे शैली विकसित झाली’ असं लिहिणारा लेखक कड्यावरून चालतो आहे, काळातून नाही. चित्रांबाबत छापलेला फोटो भिंतीचा आहे की नकलेचा, हे विचारायचं. ब्रिटिश लष्करी अधिकारी रॉबर्ट गिलने केलेल्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली पुन्हा नकला केल्या, त्यांतल्याही बऱ्याच १८८५ साली लंडनमध्येच जळाल्या. ग्रिफिथ्सच्या ग्रंथातल्या चित्रांत आज भिंतीवर न उरलेले तपशील सापडतात, म्हणून ती मोलाची आहेत. पण रंगछटेवर किंवा रेषेच्या जाडीवर विधान करायला ती चालणार नाहीत, कारण तो हात नकलाकाराचा.

नवं पुस्तक हातात आलं की सूची आधी पाहायची. व्यक्तिसूची आणि स्थलसूची वेगळ्या असतील तर उत्तम. एकाच नावाच्या माणसांना सूचीत वेगळं केलंय का, हे ओळखीच्या एका घराण्यावर तपासावं. आजोबा आणि नातू यांची नावं आपल्याकडे तीच असतात, आणि वडिलांचं नाव न लावता केलेली सूची दोघांना एक करून टाकते. त्यानंतर शुद्धिपत्र. जुन्या साधनग्रंथांत ते कधी सुरुवातीला, कधी शेवटी, कधी पुढच्या खंडात असतं. त्यातल्या दुरुस्त्या पेन्सिलीने आत उतरवून घेतल्याशिवाय पुस्तक वापरायला घेऊ नये, कारण चुकीचे आकडे आणि तारखाच तिथे जास्त दुरुस्त केलेल्या असतात. इंटरनेटवरच्या स्कॅन प्रतींत नेमकं हेच पान गळालेलं असतं, किंवा घडीचा नकाशा न उघडता अर्धाच टिपलेला असतो. एकाच खंडाच्या दोन वेगळ्या ग्रंथालयांच्या प्रती उतरवून त्यांची एकूण पानं जुळवून पाहावीत.

टिपण करताना खंड, लेखांक, आवृत्तीचं साल, मूळ पत्रातली तारीख जशीच्या तशी, आणि तिच्याखाली आपण सोडवलेली इंग्रजी तारीख लिहावी. पंचांग ज्युलियन की ग्रेगरियन तेही शेजारी. संपादकाने ताडलेलं साल चौकोनी कंसात ठेवावं आणि तो कंस टिपणातून लेखात, लेखातून पुस्तकात जाताना गळू देऊ नये.